जीव घाबरते

“डाक्टरसाहेब, मी भेत नाही जी. माहा जीव घाबरते.”

तालुक्याच्या एका दवाखान्यात माझ्या मायने हे वाक्य दोनदा उच्चारले, आणि दोन्ही वेळा समोरच्या तरुण डॉक्टरांनी तिला अतिशय मायेने सांगितले, की मावशी, घाबरण्यासारखे काही नाही. ते दूरच्या जिल्ह्यातून नुकतेच आमच्याकडे नोकरीला आले होते, बाहेर रोग्यांची रांग होती, आणि त्यांच्या बोलण्यात खरोखर आपुलकी होती. त्यामुळे त्यांच्याविषयी राग धरावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्यांच्या मराठीत घाबरणे म्हणजे भिणे. मायच्या मराठीत भिण्यासाठी भेव आहे, भेणे आहे. घाबरणे हे काम तिच्या लेखी जिवाचे, आणि ते शरीरात घडते. दोन माणसे एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होती, आणि त्या दोघांच्या मध्ये, मायच्या खांद्यावर हात ठेवून, मी उभी होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते.

मी मध्ये बोलले नाही असे नाही. मी म्हणाले, “सर, तिला अस्वस्थ वाटतंय.” मायची बोली डॉक्टरांना समजावी म्हणून मी ती प्रमाण भाषेत आणून दिली, आणि तिथेच चूक झाली. अस्वस्थ हा शब्द शरीराचाही आहे आणि मनाचाही, पण एखाद्या बाईने आपण घाबरलो आहोत असे सांगितल्यावर तिच्या मुलीने तो शब्द उच्चारला, तर ऐकणारा तो मनाकडेच नेणार. डॉक्टरांनी पित्ताची गोळी लिहून दिली, रात्री शांत झोप यावी म्हणून आणखी एक गोळी दिली आणि काळजी करू नका म्हणाले. दोन दिवसांनी मायला चालताना धाप लागू लागली म्हणून आम्ही तिला यवतमाळला नेले. तिथे ईसीजी काढला तेव्हा कळले, की हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका येऊन गेला आहे. छातीत कळ आली नव्हती, डावा हात दुखला नव्हता. घाम सुटला होता, ओकारीसारखे होत होते आणि जीव घाबरत होता. ती वाचली. आज सत्तरीच्या पुढे आहे, वावरात जात नाही, पण ओसरीवर बसून सुपात तूर पाखडते. मात्र ‘अस्वस्थ’ हा शब्द मी तेव्हापासून फार जपून वापरते.

त्या दिवशी माय बोलताना तिचा तळहात कुठे होता, हे मला स्पष्ट आठवते. तो छातीच्या मधल्या हाडाच्या खाली, जिथे बरगड्या दोन्ही बाजूंना फाकतात त्या खळगीवर होता. पुढे मी आमच्या गावात ज्या ज्या माणसाला जीव घाबरते म्हणजे कुठे काय होते असे विचारले, त्यातल्या बहुतेकांनी उत्तर देण्याआधी हात तिथेच नेला. आमच्याकडे जिवाचा पत्ता तोच आहे. शरीरशास्त्राच्या पुस्तकात पाहिले तर त्या जागी जठराचा वरचा भाग आहे, त्याच्यावर श्वासपटल आहे, आणि हृदयाची खालची भिंत त्या श्वासपटलावर टेकलेली आहे. पोट आणि हृदय यांच्यात तिथे एका पातळ स्नायूचा पडदा तेवढा असतो. शिवाय आतल्या अवयवांच्या जाणिवा नेणाऱ्या नसा कातडीतल्या नसांच्या मानाने विरळ असतात आणि वेगवेगळ्या अवयवांकडून येणाऱ्या वार्ता मज्जारज्जूत एकमेकींत मिसळतात. हृदय, फुप्फुसे आणि जठर या तिघांनाही जोडणारी व्हेगस नावाची एक लांब नसही मेंदूपासून पोटापर्यंत उतरलेली आहे. बोटाला काटा रुतला तर कुठे रुतला ते डोळे मिटूनही सांगता येते, पण आत काही बिघडले तर मेंदूला एवढेच कळते, की मधोमध कुठेतरी काहीतरी फार वाईट चालले आहे. मग त्या ठिकाणाचे नाव पोट ठेवायचे की छाती? आमच्या माणसांनी दोन्ही नावे टाळून तिथे जीव ठेवला. हे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. आतून जेवढे कळते तेवढेच सांगणारा तो शब्द आहे, आणि त्याहून जास्त सांगण्याचे सोंग तो करत नाही.

‘जीव’ या शब्दाशी मराठीचे नाते तसेही फार जवळचे आहे. जीव लागतो, जीव लावला जातो, जीव वरखाली होतो, जीव थाऱ्यावर नसतो, जिवात जीव येतो. परंतु या बहुतेक प्रयोगांत जीव हा मनाच्या बाजूला उभा असतो. वऱ्हाडात तो तितकाच देहाच्या बाजूलाही उभा असतो. “जिवाले बरं नाही” असे आमच्याकडे ताप आलेल्या माणसाबद्दल म्हणतात. वाक्याची रचनाही पाहण्यासारखी आहे: “मी घाबरते” असे माय म्हणाली नव्हती, “माहा जीव घाबरते” असे म्हणाली होती. घाबरण्याचा कर्ता जीव आहे आणि ज्याचा तो जीव आहे ते माणूस बाजूला उभे राहून, बऱ्याच शांतपणे, त्याची खबर देत आहे. आमच्या बोलीत तो जातो, ती जाते असा भेद वर्तमानकाळात राहत नाही. तो जाते, ती जाते, जीव घाबरते. बाहेरच्या माणसाने हे वाक्य घाईत ऐकले, तर पुढचा ‘जीव’ निसटतो आणि मागचे ‘घाबरते’ तेवढे कानात राहते. समोर बाईमाणूस असेल तर ते तिचेच क्रियापद वाटते. डॉक्टरांच्या बाबतीत नेमके हेच घडले असावे, असे मला आता वाटते.

हा प्रयोग आमच्याकडेच इतका का रुजला, याचे एक कारण इतिहासात सापडते. हिंदीत ‘जी घबराना’ म्हणतात, आणि त्यातला ‘जी’ हा संस्कृत ‘जीव’ शब्दाचाच वंशज आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०३ मध्ये ते कारभारापुरते मध्यप्रांताला जोडले गेले, आणि १९५६ पर्यंत आमच्या माणसांची कचेरी, कोर्ट आणि राजधानी नागपूर हे सारे हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांतात होते. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले. म्हणजे माझ्या आजीचे जवळजवळ सारे तरुणपण ज्या प्रांतात गेले, त्यात जबलपूर होते आणि पुणे नव्हते. भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी यांचे नमुने वेगळे दिलेले आहेत. ही बोली म्हणजे पुण्याच्या मराठीची बिघडलेली प्रत नव्हे, हे शंभर वर्षांहून आधी कागदावर आलेले आहे. तरीही आमच्या शाळांमधून ती बिघडलेली प्रत असल्यासारखीच वागवली गेली, आणि त्यात मीही होते.

सातवीतल्या एका मुलीने काही वर्षांपूर्वी मला रजेचा अर्ज आणून दिला होता. त्यात लिहिले होते, “काल माझा जीव घाबरत होता म्हणून मी शाळेत आली नाही.” मी लाल शाईने ‘आली’चे ‘आले’ केले, ‘जीव घाबरत होता’ यावर रेघ मारली आणि वर लिहिले, ‘अस्वस्थ वाटत होते’. नंतर फळ्यावर सर्वांसाठी तेच वाक्य शुद्ध करून दाखवले. तिला काय झाले होते हे मला त्या मूळ वाक्यातून पूर्ण कळले होते. मी त्याच बोलीत वाढले आहे. मला जे कळले होते ते मी खोडले आणि त्याच्या जागी जे कोणालाच नीट कळणार नाही असे काही लिहिले. त्या अर्जाची आठवण मला यवतमाळच्या दवाखान्यात मायच्या खाटेजवळ बसले असताना आली आणि नंतर ती गेली नाही. औपचारिक अर्जाची भाषा मुलांना शिकवली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण दुखण्याखुपण्याचा शब्द खोडताना त्याच्या जागी तितकाच नेमका शब्द आपल्याकडे आहे का, हे आधी पाहायला हवे होते, आणि तो नव्हता.

‘मळमळणे’ आहे, कोणी म्हणेल. आहे, पण ते फक्त पोटाचे आहे आणि त्याच्या पुढे उलटी आहे. ‘पोटात ढवळणे’ हेही तसेच. अंग कसकसणे, अंग मोडून येणे, कणकण वाटणे हे सारे तापाच्या वाटेवरचे शब्द आहेत. ‘आजारी’ आणि आमच्याकडे सर्रास चालणारा ‘बिमार’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले, आणि दोन्ही आजार ठरल्यानंतरचे आहेत. माणूस खाटेवर पडले की ते बिमार. जीव घाबरणे त्याच्या आधीचे आहे. अजून काही ठरलेले नाही, उलटी झालेली नाही, चक्कर आलेली नाही, ताप नाही. पण उभे राहवत नाही, बसवत नाही, घास गिळवत नाही, हवा पुरत नाही, आणि कपाळावर गार घाम आहे. या अवस्थेला नाव देणारा दुसरा शब्द मला प्रमाण मराठीत सापडलेला नाही. ‘कसंतरी होतंय’ हा जवळ येतो, पण ज्याला काही सांगायचे नाही तोही तेच म्हणतो.

शब्द जितका व्यापक, तितकी त्यामागची कारणे वेगवेगळी, आणि आमच्या भागात त्यातली बरीच कारणे ऋतूप्रमाणे येतात. मे महिन्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागतो, अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि टिनाच्या घरात दुपारी निजलेल्या म्हाताऱ्या माणसाचा जीव घाबरतो. त्याला ऊन लागलेले असते. कैरीचे पन्हे, हुंगायला फोडलेला कांदा, डोक्यावर ओला दुपट्टा हे उपाय घरोघर होतात. पन्ह्यातले पाणी, मीठ आणि गूळ शरीराला खरोखर लागतात, ओल्या दुपट्ट्याने अंगही निवते, पण माणूस बरळू लागले किंवा अंग भट्टीसारखे तापले तर घरी थांबण्यात अर्थ नसतो. साखरेच्या दुखण्याची गोळी सकाळी घेऊन वावरात गेलेल्या आणि न्याहारी चुकलेल्या माणसाचा जीव अकरा वाजता घाबरतो, हात थरथरतात, घाम येतो. रक्तातली साखर ७० च्या खाली गेलेली असते आणि त्याला त्या क्षणी पाणी नव्हे, साखर हवी असते. दिवस गेलेल्या पोरीचा जीव सकाळी फोडणीच्या वासाने घाबरतो. पहिल्यांदा तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरलेल्या पोराचाही घाबरतो. तेव्हा त्याला खर्रा लागला असे म्हणतात.

हे ‘लागणे’ आमच्या दुखण्यांचे दुसरे मोठे क्रियापद आहे. ऊन लागते, सुपारी लागते, नजर लागते, एसटीत बसणाऱ्याला गाडी लागते. इंग्रजीत मळमळीला नॉशिया म्हणतात आणि तो शब्द मुळात ग्रीक भाषेतल्या जहाज या शब्दापासून आला आहे. त्या लोकांना ती जाणीव समुद्रावर भेटली, म्हणून नावात जहाज आले. आम्हाला समुद्र नाही. आम्हाला ती उन्हात भेटली, गाडीत भेटली, आणि गेल्या काही दशकांत ती सर्वांत भयंकर रूपात भेटली पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात.

फवारणीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्या वर्षी अनेक ठिकाणी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा वर मारावा लागे आणि तुषार तोंडावर, मानेवर, छातीवर परत येत. आमच्याकडे या द्रव्यांना कोणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात. दुकानातून औषध आणतात, पाण्यात औषध मिसळतात, औषध मारतात. मग संध्याकाळी फवारणीचा मजूर दवाखान्यात जातो आणि सांगतो, की औषध मारताना जीव घाबरला. या वाक्यातले दोन्ही महत्त्वाचे शब्द ऐकणाऱ्याला फसवू शकतात. औषध म्हणजे विष आहे आणि घाबरणे म्हणजे त्या विषाची पहिली वर्दी आहे. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली द्रव्ये श्वासावाटेच नव्हे, कातडीतूनही शिरतात आणि नसांमधला एक निरोप संपवणारे जे विकर असते त्यालाच निकामी करतात. निरोप संपतच नाही, म्हणून घाम, लाळ, अश्रू थांबत नाहीत, पोटात कळा येतात, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास थकतो. अॅट्रोपीन हा त्यावरचा उतारा तालुक्याच्या ठिकाणी मिळू शकतो, पण तो वेळेत द्यावा लागतो, आणि वेळ सुरू होते ती जीव घाबरल्यापासून. बाटलीवर तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, तांबडा सर्वांत जहाल. नेताना ती बाटली सोबत न्यावी, एवढे तरी प्रत्येक सालदाराला, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याला, माहीत असले पाहिजे.

आमच्या घरी एक सालदार होते, त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. त्यांच्या तोंडून मी लहानपणी अनेकदा ऐकले आहे, “आज औषध माराचं काम होतं, जीव घाबरला, थोडा वेळ धुऱ्यावर निजलो, मंग बरं वाटलं.” आम्ही मुले ते ऐकत असू आणि पुढे जेवायला बसत असू. इतके ते नेहमीचे होते. आज ते वाक्य आठवले की माझ्याच पोटात गोळा येतो. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, निजून उठलेले काकाजी घरी आले. त्याच वाटेने गेलेले सगळेच आले नाहीत.

म्हणून या शब्दाबद्दल मी ज्यांच्याशी बोलते त्यांच्याकडे दोन मागण्या करते. गावातल्या माणसांनी जीव घाबरते एवढे सांगून थांबू नये. हात कुठे जातो ते दाखवावे, कधीपासून होते, त्याआधी काय खाल्ले, काय फवारले, उन्हात होतो की सावलीत, हे त्याला जोडून सांगावे. आणि बाहेरून आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरांना, पहिल्याच आठवड्यात, कोणीतरी हा शब्द समजावून द्यावा. हे काम आशाताई उत्तम करू शकतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून गावागावांत नेमलेल्या या बाया त्याच गावच्या असतात, त्यांना दोन्ही भाषा येतात, आणि जीव घाबरते हे ऐकताच त्या मनगट धरतात, घाम पाहतात, डोळे पाहतात. मी शिक्षिका असून जे केले नाही ते त्यांच्यातल्या एकीने माझ्या डोळ्यांदेखत केले आहे: शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना घेऊन ती दवाखान्यात गेली आणि तिने सांगितले, “सर, यांना भीती वाटत नाहीये. यांच्या आत काहीतरी होतंय, आमच्याकडे त्याला असंच म्हणतात.” एवढ्या साध्या दोन वाक्यांची गरज मला त्या दिवशी होती.

शाळेत आता अर्जात जीव घाबरला असे कोणी लिहिले तर मी ते तसेच ठेवते आणि मधल्या सुटीत त्या मुलाला जवळ बोलावून विचारते. उपाशी आलेले असते, कधी बस लागलेली असते, कधी मुलीची पाळी सुरू झालेली असते आणि तिला ते सांगायला दुसरा शब्द नसतो. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले आहेत, त्यांच्या बाबतीत मी अधिक खोदून विचारते.

गेल्या दिवाळीत मी मायला विचारले, की जीव घाबरते म्हणजे नेमके कसे होते, ते कोणाला कळेल असे सांग. ती ओसरीवर बसून तूर पाखडत होती. सूप तिने मांडीवर ठेवले आणि बराच वेळ समोरच्या रिकाम्या कोठ्याकडे पाहिले. ढोरे विकून आम्हाला आता काही वर्षे झाली.

“गाय चराले गेली,” ती म्हणाली, “अन् वासरू कोठ्यात एकटंच बांधून राह्यलं, का ते कसं करते? भेत नाही ते. मारत नाही त्याले कोणी. पण एका जागी उभं राहत नाही, चारा खात नाही, दाव्याले हिसके देते, नुसतं इकडून तिकडं करते. तसं होते आतमध्ये.”

मी म्हणाले, “मंग काय करा लागते, माय?”

“त्याले कितीबी गोंजारलं तरी राहत नाही ते,” ती म्हणाली. “गाय कुठं हाये, ते पाहा लागते.”